सहा वर्षांचा होकार

बुद्धवंदना आटोपली, खीर वाटून झाली आणि शेजारपाजारची माणसं 'जयभीम' करून आपापल्या चपला शोधत बाहेर पडली. नागपूरची सासरची मंडळी मात्र हलायचं नाव घेईनात. त्यांची परतीची गाडी संध्याकाळची होती हे खरं, पण ती काही गाडीसाठी बसलेली नाहीत हे सुमेधला सकाळीच कळून चुकलं होतं. सासूबाईंनी, भीमाबाईंनी, आल्या आल्या नातवाचं, सुजयचं, तोंड दोन्ही हातांत धरून त्याच्या कपाळावरची टाक्यांची खूण पाहिली होती आणि एक शब्दही काढला नव्हता. भीमाबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत. लेकीच्या मयतीतसुद्धा त्या बोलत होत्या.

सुमेधच्या बायकोला, गीतांजलीला, जाऊन आज वर्ष झालं होतं. चार लोकांना होते तशीच तिला कावीळ झाली, आणि चार लोक बरे होतात तशी ती बरी झाली नाही. फोटोसमोरची मेणबत्ती विझू नये म्हणून सुमेधच्या बहिणीनं, रमाताईनं, पंखा बंद करून ठेवला होता. दुर्गजवळ रुआबांध्याला, पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये सगळे पांढऱ्या कपड्यांत घाम पुसत बसले होते, आणि पंखा लावा असं कुणीच म्हणत नव्हतं.

सुरुवात निखिलनं केली. गीतांजलीचा हा धाकटा भाऊ बँकेत होता आणि घरातही बँकेतल्यासारखाच बोलायचा, समोरच्याला आधी खुर्ची देऊन.

"भाऊजी, बसा ना जरा."

"बोल तू. उभ्यानं बी ऐकू येते मले."

"सुजयले आम्ही घेऊन जातो म्हणतो. जूनपासून तिकडच्या शाळेत टाकतो. माह्यी पोरगी त्याच्याच बरोबरीची आहे, आई दिवसभर घरी असते. इथं कोण आहे त्याच्याजवळ?"

"मी आहो."

"तुम्ही कधी घरी, कधी ड्युटीवर. त्या दिवशी कुठी होते तुम्ही?"

त्या दिवसाचं नाव शेवटी निघालंच. उत्तर त्याला पाठ होतं. महिनाभर तो ते स्वतःलाच देत होता.

वर्षभरात सुमेध काय काय शिकला होता. कणीक किती सैल भिजवली की पोळी डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. नखं झोपेत कापायची नाहीत, पोर दचकतं. शाळेच्या ग्रुपवर सगळ्या मम्म्यांमध्ये एकटा पप्पा होऊन 'कल पीला शर्ट है या नीला?' असं विचारायची लाज वाटून घ्यायची नाही. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे पाळ्यांचं गणित. दुपारपाळी असली की सुजय शेजारच्या गिरजाबाईंकडे जेवून तिथंच झोपायचा; सुमेध कामावरून आला की त्याला खांद्यावर टाकून घरी आणायचा. रात्रपाळीलाही गिरजाबाईच. सकाळपाळी मात्र बापलेकांची आवडती, कारण सकाळी गिरजाबाई सुजयला व्हॅनमध्ये बसवून द्यायच्या आणि दुपारी व्हॅन परत यायच्या आधी सुमेध घरी पोचून दार उघडं ठेवायचा.

त्या दिवशी सकाळपाळीच होती. सुमेध प्लांटमध्ये वितळलेल्या पोलादाची बादली उचलणारी क्रेन चालवायचा, आणि त्या क्रेनचा एक नियम होता, की पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, वर चढून येईपर्यंत केबिन सोडायची नाही. खाली माणसं काम करतात, डोक्यावर उकळतं पोलाद असतं. तिथं 'माझी वेळ झाली' असं म्हणता येत नाही. रिलीव्हर आला नाही. त्याची मोटारसायकल पाटणजवळ कुठंतरी बंद पडली होती. सुमेधचा फोन खाली लॉकरमध्ये होता, आणि गिरजाबाई सुजयला शाळेत धाडून कोहक्याला लेकीकडं गेल्या होत्या. आपण सकाळपाळीला आहोत, तेव्हा त्यांना थांबवून काय करायचं, असं म्हणून सुमेधनंच त्यांना जा म्हटलं होतं.

व्हॅननं सुजयला कुलूपबंद दारात सोडलं. तो पायरीवर बसला. भूक लागली तेव्हा डब्यातला उरलेला घास खाल्ला. ऊन कललं तेव्हा दप्तर पाठीला लावून तो बापाला शोधायला प्लांटच्या गेटकडे निघाला. डंपर अंगावर आला म्हणून बाजूला सरला आणि रस्त्याच्या मोरीवरून खाली पडला. गेटजवळच्या टपरीवरच्या बबलू चहावाल्यानं त्याला उचललं, ओळखलं आणि डॉक्टरकडे नेलं. सुमेध खाली उतरून फोन पाहतो तोवर टाके घालूनही झाले होते. टाके घालताना पोरगं रडलं नाही, असं बबलू चारचौघांत कौतुकानं सांगायचा. सुमेधला ते कौतुक ऐकवत नसे.

कारण सुजय आई गेल्यापासून रडतच नव्हता. शाळेतल्या हिंदीत त्याचं एकच उत्तर असायचं. काय भाजी करू? चलेगा. बूट चावतात का? चलेगा. सहलीला पाठवू की नको? चलेगा. लोक म्हणायचे, किती समजदार पोरगा आहे. सुमेधच्या काळजात दर वेळी चर्र व्हायचं.

"त्या दिवशी माह्या हातात नव्हतं, निखिल," तो म्हणाला. "केबिन सोडून येता येत नाही."

"तेच तर म्हणून राह्यलो मी. पुन्हा असं झालं तर पुन्हा हातात नसन."

सुमेधनं बहिणीकडे पाहिलं. बोरसीहून रमाताई वर्षभर दर रविवारी येत होती. लोणच्याच्या बरण्या, रफू केलेले युनिफॉर्म, 'मी आहो ना तुह्या पाठीशी' हे वाक्य, सगळं तिनं पोचवलं होतं. आताही ती ओट्यावरची भांडी तशीच टाकून, पदराला हात पुसत बाहेर आली. आता ही निखिलला गप्प करेल, असं सुमेधला वाटलं.

"निखिल खोटं नाही बोलून राह्यला," रमाताई म्हणाली.

"ताई?"

"तुले राग आला तर येऊ दे. इतके दिवस मी लोणचं देऊन गप्प बसली, ते चुकलंच माह्यं. गीता गेली तेव्हाच मी म्हटलं होतं ना, जनरल ड्युटी माग, ठरल्या वेळेले सुटणारी. बायको नाही, पोरगं लहान आहे, साहेब देऊन देतील. कावून नाही मागितली?"

सुमेध फोटोसमोरची मेणबत्ती सरळ करू लागला.

"मी सांगते. जनरल ड्युटी म्हणजे स्टोअर. आणि तुले क्रेन नाही सोडाची. पोरगं नागपूरले जाईन तर जाऊ दे, पण क्रेन नाही सुटली पाहिजे. असंच ना?"

हे तोंडात मारल्यासारखं बसलं, कारण त्यात खोट काढायला जागा नव्हती. ती क्रेन त्याची एकट्याची नव्हती. प्लांटच्या त्याच विभागात, तसल्याच केबिनमध्ये त्याच्या बापानं जन्म काढला होता. श्यामरावांच्या हाताखाली शिकलेली माणसं अजूनही सुमेधला 'श्यामरावचा पोरगा' म्हणून वाट करून देत. बाप भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यातून रिकाम्या हातांनी आलेला. गावात ज्याला विहिरीवर चढू दिलं नाही, त्याच्या एका बोटाच्या इशाऱ्यावर इथं उकळतं पोलाद हलायचं. आपण ती केबिन सोडून नट-बोल्टच्या खिडकीत बसलो तर बाप काय म्हणेल, हे सुमेधला विचारावंही लागत नव्हतं.

आणि बाप तिथंच बसला होता. श्यामराव निवृत्तीपासून लेकीकडं बोरसीला राहत. आतापर्यंत ते भिंतीला टेकून डोळे मिटून होते. आता त्यांनी डोळे उघडले.

"क्रेनचं नाव काढू नको, रमा. दोन पिढ्यांची कमाई आहे ते. स्टोअरमध्ये कोणी बी बसते."

"मग पोराचं काय, बाबा?"

"पोराचं पोराले विचारा," श्यामराव म्हणाले. "इतकं भांडता कावून? आपल्या घरात हुकूम चालत नाही. ज्याचा प्रश्न त्याचं मत. बोलवा त्याले."

या घराची ही रीत श्यामरावांनीच घातलेली. बाहेर पिढ्यान्पिढ्या आपलं कुणी ऐकून घेतलं नाही, तेव्हा निदान घरात तरी प्रत्येकाचं ऐकायचं, असा त्यांचा बाणा होता. फ्रीज कुठला घ्यायचा, रमानं कॉमर्सला जायचं की सायन्सला, लग्नात बँड असावा की नको, प्रत्येक गोष्टीवर ते घरच्यांना सतरंजीवर बसवून मत घेत आणि लहानातल्या लहानालाही हात वर करू देत. शेजारीपाजारी थट्टा करायचे, की श्यामरावांच्या घरी चटणीत मीठ किती यावरसुद्धा मतदान होतं. श्यामरावांना ती थट्टा आवडायची.

"बाबा, नाही," सुमेध म्हणाला. "त्याले विचारू नका."

"कावून? तो माणूस नाही काय?"

पण निखिलनं तोवर दारातून हाक मारलीही होती. "सुजय! इकडे ये बेटा."

गिरजाबाईंच्या अंगणातून सुजय आला. पांढऱ्या शर्टावर खिरीचा डाग, कपाळावर ती गुलाबी रेघ. सगळी मोठी माणसं आपल्याकडेच बघताहेत हे पाहून तो दारातच थबकला. भीमाबाईंनी त्याला जवळ ओढलं नाही, पण त्यांचे हात तसे पुढे झाले होते.

"सुजय," श्यामराव पुढं वाकून, मोठ्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "मामा म्हणतो, नागपूरले राहाले चल. तिथं आजी आहे, मामाची पोरगी आहे खेळाले. इथं पप्पा आहे, पण पप्पाची ड्युटी असते. कोणाची जबरदस्ती नाही. तुह्या मनात काय आहे ते सांग. जाशीन का?"

सुजयनं आधी आजोबांकडे पाहिलं. मग मामाकडे, आजीकडे, आत्याकडे. बापाकडे त्यानं सगळ्यांत शेवटी पाहिलं, आणि तेही तोंडाकडे नाही, हाताकडे. त्याचा हिशेब चालला होता. सुमेधला तो हिशेब त्याच्या कपाळावर लिहिल्यासारखा दिसत होता, आणि ते बघणं त्याला सहन होईना.

"हाव," सुजय म्हणाला. "चलेगा."

खोलीभर सुटकेचा श्वास पसरला. "पाहा भाऊजी," निखिल म्हणाला. "स्वतःच्या तोंडानं म्हणाला तो." रमाताईनं डोळ्यांना पदर लावला. श्यामरावांनी मांडीवर थाप मारली. "झालं तर. पोरगं शहाणं आहे."

आणि सुजयला वाटलं असावं, की आपलं उत्तर अजून थोडं नीट करावं. तो म्हणाला, "वहाँ नानी है ना. फिर पप्पाले मेरे लिए भागना नहीं पड़ेगा."

भीमाबाईंचे पुढं झालेले हात तसेच मागं आले. त्यांनी निखिलकडे पाहून मान हलवली. "नाही रे बापा," त्या म्हणाल्या. आज दिवसभरात त्या पहिल्यांदा बोलल्या. "याले इथून नाही जाचं. हे लेकरू आपल्या बापाची सोय पाहून राह्यलं."

"आई, तूच तर म्हणत होती—"

"मी म्हणत होती. आता नाही म्हणत."

"पण त्यानं मत दिलं आहे," श्यामराव म्हणाले. "आपण विचारलं, त्यानं सांगितलं. आता फिरवाचं नाही. या घरात लहान-मोठ्या सगळ्यांच्या मताची किंमत आहे."

"हो," सुमेध म्हणाला. "मले माहीत आहे किंमत. मले बी विचारलं होतं, बाबा."

त्या गोष्टीला या घरात कित्येक वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

सुमेध तेव्हा सुजयएवढाच होता. आईला क्षय झाला होता आणि श्यामराव पाळीवर जात. साकोलीची मावशी मुलांना न्यायला आली. दोघांना नेणं तिला झेपणारं नव्हतं, एकाला नेईन म्हणाली. श्यामरावांनी रीतसर सतरंजी अंथरली. रमा काय म्हणते? रमा नऊ वर्षांची, खांबाला मिठी मारून म्हणाली, मी नाही जात. सुमेध काय म्हणतो? सुमेधनं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. बाप थकलेला होता, मावशीला एसटी गाठायची होती, आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. आता आपणही नाही म्हटलं तर काय होईल, असं त्याला वाटलं. तो 'हो' म्हणाला. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. तो साकोलीला असतानाच आई गेली. पुढं कधी त्यानं त्या गोष्टीचा विषय काढला, की श्यामराव म्हणत, 'अरे, तू स्वतःच हो म्हटलं होतं ना.'

"मी तुले पाठवलं नव्हतं," श्यामराव आताही म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "तू आपल्या मर्जीनं गेला. रमाले विचार."

सगळ्यांनी रमाताईकडे पाहिलं. ती पदराचं टोक पिळू लागली.

"मले विचारू नका, बाबा," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं म्हणून त्याले हो म्हणा लागलं. आई रोज म्हणे, माह्यं पोरगं खुशीनं गेलं, त्याचं बरं चाललं असन. तेवढंच एक सुख होतं तिच्याजवळ. मी काय सांगू तिले? मी खांब सोडला नव्हता, म्हणून मले आई भेटली." मग ती भावाकडे वळली. "मघाशी मी तुले बोलली. सुजयले पाठवाचं म्हटलं ते मी परत घेते. क्रेनचं जे म्हटलं ते नाही घेत."

"नको घेऊ," सुमेध म्हणाला. "ते खरं आहे."

तो निखिलसमोर आला आणि मघाशी नाकारलेल्या खुर्चीत बसला.

"निखिल, तुह्या मनात वाईट नाही, ते मले समजते. सुट्टीत त्याले घेऊन जाजो, महिनाभर ठेवजो. पण राहीन तो इथंच. उद्या मी सेक्शनमध्ये जाऊन जनरल ड्युटी मागतो. क्रेन सोडतो."

"सुमेध!" श्यामराव उठायला गेले आणि गुडघ्यावर हात ठेवून अर्धवटच राहिले. "स्टोअरच्या खिडकीत बसशीन? माह्या पोरानं नट-बोल्ट द्याचे?"

"देतो, बाबा. मत नाही मागून राह्यलो. सांगून राह्यलो."

असं या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. सुमेधला वाटलं होतं, बापाचा राग आता अंगावर येईल; पण श्यामराव पुन्हा भिंतीला टेकून बसले. सुमेधला केबिन आठवली, खाली पसरलेला तो लाल उजेड आठवला, आणि त्याला अतिशय वाईट वाटलं. ते त्यानं लपवलं नाही. डोळे पुसून तो पोराकडे वळला.

सुजय अजून दारातच होता. मोठी माणसं काय बोलताहेत ते त्याला अर्धंमुर्धं कळलं होतं, आणि त्याच्या डोक्यात भलतीच अडचण उभी राहिली होती.

"लेकिन पप्पा, मैंने तो हां बोल दिया ना," तो म्हणाला. "अब क्या होगा?"

"इकडे ये."

तो आला. सुमेधनं त्याला गुडघ्यांमध्ये उभं केलं.

"तुह्यं वय किती?"

"छह."

"सहा वर्षांच्या पोराचं हाव चालत नाही."

"और ना?"

"ना बी नाही चालत. हे ठरवाचं काम माह्यं आहे. तुह्यं नाही."

सुजयनं यावर विचार केला. "मग तुम्ही काय ठरवलं?"

"तू इथं राहशीन. माह्याजवळ."

"पर आपकी ड्यूटी?"

"ते बी माह्यं काम आहे. तू त्याचा विचार कराचा नाही."

पोराचा खालचा ओठ हलला. त्यानं तो दातांखाली धरून पाहिला, पण तो आवरेना. मग त्यानं आ वासून असं काही भोकाड पसरलं, की गिरजाबाई कुंपणापाशी धावत आल्या. आई गेली तेव्हाचं, पायरीवर बसलेल्या दुपारचं, टाक्यांचं, सगळं रडणं एकदमच बाहेर येत होतं. भीमाबाई उठून समजूत घालायला निघाल्या तेव्हा सुमेधनं मान हलवून त्यांना थांबवलं. "रडू द्या त्याले, आई," तो म्हणाला. त्या तिथंच खाली बसल्या आणि स्वतःही रडू लागल्या. रमाताईनं जाऊन पंखा लावला.

गाडीची वेळ झाली. निखिलनं दुर्गपर्यंत रिक्षा ठरवली, वाटेत बोरसीला रमाताई आणि श्यामरावांना सोडायचं ठरलं. जाताना निखिलनं सुमेधच्या दंडाला हात लावला आणि बॅग उचलली. भीमाबाईंनी खिरीचं पातेलं झाकून ठेवलं आणि रात्री गरम करून द्यायला सांगितलं. सुजय रडून रडून बापाच्या खांद्यावर झोपला होता.

सगळे रिक्षाकडे गेले तरी श्यामराव दारातच उभे होते. चपला घालून झाल्या होत्या. त्यांनी एकदा झोपलेल्या नातवाकडे पाहिलं, मग दाराच्या कडीकडे.

"सुमेध."

"हं, बाबा."

"तेव्हा... तुले राहाचं होतं काय?"

म्हाताऱ्याला काय ऐकायचं आहे ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. नाही बाबा, इतकं काही नाही, मावशीकडे बरं होतं, असं म्हटलं असतं तर तो हलक्या पावलांनी रिक्षात बसला असता. सुमेधला ते म्हणता आलं असतं. माणसांची तोंडं बघून उत्तर द्यायला तो फार लहानपणी शिकला होता.

"हो, बाबा," तो म्हणाला. "मले आईजवळ राहाचं होतं."

श्यामरावांनी मान हलवली. भिंतीचा आधार घेत ते हळूहळू पायरीवर खाली बसले. बाहेर रिक्षातून रमाताई त्यांना हाका मारत होती.